लग्न बाकी, चूल वेगळी

खावटीच्या अर्जात मी जी चूक केली, ती आजवर दोनच माणसांना सांगितली आहे. एक माझा नवरा. तो हसला. दुसरी जिचं त्यात नुकसान होणार होतं ती, आणि ती काही हसली नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवऱ्याची नोकरी बोईसरच्या एमआयडीसीत, माझी मनोरच्या पुढं डोंगरातल्या आश्रमशाळेत. करोनाची पहिली लाट ओसरली तरी शाळा उघडेना. मुलं पाड्यावर, आम्ही घरी. मग आम्हा शिक्षकांना काम लावलं. आदिवासी कुटुंबांना सरकार खावटी देणार होतं. निम्मी रोख, घरातल्या बाईच्या खात्यात, आणि निम्मी डाळ, तेल, मीठ अशी. पूर्वी खावटी म्हणजे पावसाळ्यापुरतं कर्ज असायचं, या वेळी ती फेडायची नव्हती. तिचे अर्ज पाड्यापाड्यावर जाऊन भरायचे होते.

मला राग लवकर येतो आणि कामाची घाई त्याहून जास्त. त्या थंडीत रोज चाळीस-चाळीस अर्ज भरायचे. तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ, पायात काटे. एका टेकाडावर पाच-सहा घरांची वस्ती होती, तिथं दुपारी पोचले. शेवटच्या कुडाच्या घराच्या अंगणात एक पंचविशीची बाई नागली पाखडत होती. नागली म्हणजे आपली नाचणी. मी उभ्याउभ्याच सुरू केलं. नाव? सांगितलं. रेशनकार्ड? बापाचं आणून दाखवलं, त्यावर तिचं नाव होतं. शेत? वनपट्ट्याचा एक तुकडा, डोंगराच्या उतारावर. लग्न झालंय?

"नाय झाला," ती म्हणाली.

मी वर बघितलंसुद्धा नाही. 'अविवाहित'वर खूण केली, तिची सही घेतली, कोरा चहा प्यायले आणि पुढच्या घरी गेले. दाराआडून एक पोरगी मला बघून हसत होती. ती माझ्याच दुसरीच्या वर्गातली. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पडणार कसा, डोकं अर्जात होतं ना!

पाऊस लागायच्या सुमारास मंजूर कुटुंबांची यादी लागली. तिसऱ्या दिवशी ती बाई डोंगर उतरून शाळेत आली. डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. व्हरांड्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सगल्यांचा नाव हाय. माजा कुठं गेला?"

इथले लोक सगळ्यांना अरेतुरेच करतात. कलेक्टर आला तरी तूच. पहिल्या वर्षी मला ते टोचायचं, आता कुणी 'तुम्ही' म्हणालं तर माझं काय चुकलं असं वाटतं. मी कागद काढले, शोधलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. अर्ज कुटुंबाचा होता. मी हिला अविवाहित लिहिलं, म्हणून ती गेली बापाच्या कुटुंबात. तिचा माणूस अजून आईबापाच्या कार्डावर, तो गेला त्यांच्या कुटुंबात. त्या दोन्ही घरांना खावटी मंजूर. आणि यांचं घर, यांची चूल, यांची पोरगी? कागदावर असं घरच नव्हतं.

"अगं, तूच म्हणालीस ना लग्न झालं नाही म्हणून!" माझा आवाज चढला. चूक आपली असली की माझा आवाज आधी चढतो.

"मंग? नाय झाला. घर हाय."

ते मला तेव्हा समजलं. नऊ वर्षं इथं काढून तेव्हा समजलं, याची लाज वाटते. इथं पोरापोरीचं जमलं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकत्र बसून ताडी घेतली, की संसार सुरू होतो. त्यात चोरून-लपून काही नाही. लग्न मागाहून, जमेल तेव्हा. कारण लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, आणि ते गाठीला असल्याशिवाय मांडव पडत नाही. कुणाचं पाच वर्षांनी होतं, कुणाचं पोरांच्या लग्नात होतं.

मी म्हटलं, बरं, घाबरू नको, बघते मी. तेवढ्यावर ती जाईल असं वाटलं. पण ती व्हरांड्याच्या कडेला बसली आणि खाली बघत म्हणाली, "मला तिसरा महिना हाय."

मग तिनं सांगितलं ते मी तिच्या शब्दांत सांगू शकत नाही, पण सांगते. दर पावसाळ्यात, घरातलं धान्य संपतं तेव्हा, वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो. तांदूळ आणि थोडे पैसे देतो. त्याला बयाणा म्हणतात. बयाणा घेतला की दिवाळीनंतर नवराबायकोनं भट्टीवर जायचं, पाऊस येईपर्यंत विटा पाडायच्या. ही पोरगी, माझी विद्यार्थिनी, वैतरणेच्या खाडीकडच्या एका भट्टीवर झाली होती. बाळंतपणानंतर वार पडते, ती इथं घराच्या अंगणात पुरतात. पोर त्या जागेचं होतं असं मानतात. भट्टीवर कसलं अंगण? झोपडीमागं पुरली. आठ दिवसांनी तिथलीच माती खणायला घेतली.

"ती माती इटांत गेली, बाई," ती म्हणाली. "कुठल्या घराला लागली, कोनाला ठाव? ह्या पोराचा तसा नाय करनार. हा माज्या आंगनात."

पोर पौष-माघात होणार होतं. म्हणजे या पावसाळ्यात बयाणा घ्यायचा नाही, एवढंच तिला करायचं होतं. आणि खावटी आली तरच ते जमणार होतं. माझ्या एका खुणेनं तिचं अंगण काढून घेतलं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला, 'तुझी घाई एक दिवस नडणार होतीच' म्हणाला, आणि मी त्या दिवशी त्याला भाकरी वाढली ती आदळून वाढली.

दुसऱ्या दिवशी आदिवासी प्रकल्प कार्यालयात गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी तोंडावर ठेवूनच गेले होते. पण टेबलावरचा माणूस भला निघाला. म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. दुरुस्ती अर्ज भरा. अविवाहितच्या जागी विवाहित लिहा, बाईची सही आणा. लग्नाचा दाखला कोण मागतंय इथं?"

मला एवढा आनंद झाला की मी त्याला वडापाव आणून दिला. तशीच भर पावसात डोंगर चढले. छत्री उलटली, चप्पल चिखलात राहिली, पण म्हटलं, एका सहीचं काम. सगळी घरात होती. तिचा माणूस बांबूच्या कामट्या काढत बसला होता, सासू चुलीशी, सासरा कोपऱ्यात बिडी ओढत. म्हातारी-म्हातारा राहायचे खालच्या घरात, पण पावसात सगळे एकाच शेकोटीला. मी कागद काढला, पेन दिलं आणि जागा दाखवली.

"काय लिवला हाय?" तिनं विचारलं.

"लग्न झालंय असं."

तिनं पेन परत दिलं. "नाय झाला."

"अगं बाई, माहीत आहे मला! एक शब्द आहे नुसता."

"नाय झाला तं कशाला लिवायचा?"

मी समजावलं, मग चिडले, मग हात जोडले. ती आपली मान हलवत राहिली. शेवटी सासूनं तोंड उघडलं. "लगीन झाला लिवला तं पाडा इचारल ना, आमी कवा जेवलो? धवलेरी इचारल, मी कवा गायली?" धवलेरी म्हणजे इथली लग्न लावणारी बाई. ती गाते तेव्हा लग्न लागतं, भटजीबिटजी नाही. तिच्याशिवाय लग्न झालं म्हणणं म्हणजे पाड्याचं जेवण बुडवणं.

मी म्हटलं, मग लावून टाका ना! मी देते तांदूळ. बोलवा त्या धवलेरीला.

यावर सगळे हसायला लागले. तिचा माणूससुद्धा, हातातली कामटी खाली टाकून. मला कळेना मी काय विनोद केला. तेव्हा तिनं पदर तोंडाला लावून सासूसासऱ्याकडं हात केला. "आदी त्यांचा होवा लागल. त्यांचा पन बाकी हाय."

कोपऱ्यातला म्हातारा बिडी विझवून लाजला हो! सत्तरीचा माणूस. म्हातारी त्याला म्हणाली, "तरी सांगत व्हते, त्या साली भात बरा पिकला तवा उरकून घे." आणि तोही तिला काहीबाही बोलला. मोठ्यांचं झाल्याशिवाय धाकट्यांचं नाही, असा नेम. म्हणजे खावटीसाठी लग्न हवं, लग्नासाठी धान्य हवं, धान्यासाठी खावटी हवी, आणि या सगळ्याच्या आधी सत्तरीतल्या नवरदेवाला बाशिंग. मीही हसले. हसता हसता रडायला आलं आणि मग परत राग आला.

पर्समधून पैसे काढले. खावटीचे जेवढे मिळाले असते तेवढे. म्हटलं, हे ठेव, बयाणा घेऊ नको. चूक माझी आहे, भरपाई माझी.

तिनं नोटांकडं बघितलंही नाही. "तुजा तुजा हाय, बाई. सरकार देतं तो माजा हाय. मला माजा पायजे."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी तशीच उठले, रागारागानं निघाले, आणि टेकाड उतरून ओढ्यापाशी आले तर ओढ्याला पाणी चढलेलं. झक मारत परत वर जावं लागलं. ती दारातच उभी होती, जणू मी येणारच होते. तिनं मला कोरडं लुगडं दिलं नेसायला आणि उकडलेले कंद दिले मीठ लावून. पाणी उतरायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी पहिल्यांदा ते घर नीट बघितलं. तीन दगडांची चूल तिची स्वतःची होती. भिंतीवर पोरीच्या पाटीवरचे आकडे खडूनं परत काढलेले होते, माझ्या वर्गातले. शिंक्याला बियाण्याच्या नागलीची कणसं बांधलेली होती, आणि घरात खायला कंद असताना त्या कणसांना कुणी हात लावला नव्हता.

मग मी अर्जाच्या खाली 'शेरा' असतो तिथं लिहायला घेतलं. काय खरं आहे तेवढंच. 'नऊ वर्षांपासून एकत्र राहतात. एक मुलगी, शाळेत आहे. लग्न बाकी. चूल वेगळी.' तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. 'लग्न बाकी' ऐकून मान हलवली, 'चूल वेगळी' ऐकून चुलीकडं बघितलं, आणि तिला येत होती तेवढी सही केली. शेजारच्या घरातल्या चौघांनी साक्षीला अंगठे दिले.

कार्यालयातल्या त्या माणसानं शेरा वाचला, चष्मा काढला, परत वाचला. "मॅडम, असा रकाना नाही हो आपल्याकडं."

"रकाना नसेल, घर आहे," मी म्हटलं. "मी बघून आले." आणि मग जरा जास्तच बोलले. सगळं ऑफिस बघत होतं. तो बिचारा म्हणाला, बसा, पाणी प्या, मी साहेबांकडं नेतो. नेलं त्यानं. पुढं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. पुरवणी यादी लागेल तेव्हा कळेल, एवढंच उत्तर मिळायचं.

श्रावणात मुकादमाची जीप आली. हे मला नंतर कळलं, गरोदर बायांना तपासायला पाड्यावर फिरणाऱ्या आशाताईंकडून. पाड्यावरच्या सगळ्या घरांनी बयाणा घेतला. खावटीचा त्यांना हातभार लागला नव्हता असं नाही, पण मोठी कुटुंबं, आणि पाऊस लांबलेला. हिच्या दारात मुकादमानं तांदळाचं पोतं आणून टेकवलं. ती म्हणाली, उचल. तो म्हणाला, जोडी चांगली आहे तुमची, वर अजून देतो. ती म्हणाली, "माजा सरकारकडनं येनार हाय. बाईनं सांगितला हाय."

बाईनं सांगितलंय! हे ऐकल्यावर माझी झोप उडाली. मी कुठं सांगितलं होतं येणार म्हणून? मी म्हटलं होतं, बघते. रोज सकाळी मी त्या टेबलावरच्या माणसाला फोन करायची. तो माझा नंबर बघून आधीच म्हणायचा, "नाही अजून, मॅडम." तिसरा-चौथा-पाचवा महिना. मी हिशेब करत बसायची आणि बोईसरच्या बाजारात भाजी घेताना मला तिच्या घरातले कंद आठवायचे. एकदा मी गुपचूप तांदूळ पाठवले आशाताईंबरोबर. तिनं तेवढेच खेकडे पाठवले परत, पाटीभर. माझ्या सातारकर स्वयंपाकघरात खेकडे! नवरा खूश, मी ओट्यावर चढून बसलेली.

गणपती गेले आणि पुरवणी यादी आली. त्यात तिचं नाव होतं. मी ते बोटानं चारदा वाचलं आणि शाळेच्या ऑफिसात मोठ्यानं ओरडले. चार दिवसांनी पैसे खात्यात आले, पुढं डाळ-तेलाचं पोतंही आलं. ती आणि तिचा माणूस पोस्टातून पैसे काढून थेट शाळेत आले. तिनं ते मला दाखवले आणि म्हणाली, "आला." त्यातून त्यांनी तांदूळ आणि मीठ घेतलं, आणि पोरीला स्वेटर.

दिवाळीनंतर पाडे रिकामे झाले. दरवर्षी होतात, पण त्या वर्षी मला ते पहिल्यांदा दिसलं. ट्रक यायचे आणि कोंबड्या, भांडी, पोरं, सगळं भरून न्यायचे. शाळा तेव्हा कुठं उघडली होती, आणि माझा वर्ग लगेच निम्मा झाला. ती पोरगी मात्र पहिल्या बाकावर, नव्या स्वेटरमध्ये, दुपारच्या उन्हातही काढायची नाही.

पौषात एका सकाळी आशाताईंचा फोन आला. गाडी बोलावली होती दवाखान्यात न्यायला, पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते, आणि पोरानं तेवढा दम धरला नाही. घरातच झालं. दोघंही बरी आहेत. मुलगा. मी रविवारची कामं टाकून निघाले. वर पोचले तर टेकाडावरची सगळी घरं बंद. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. एकाच घरातून धूर येत होता.

ती आत बाजेवर होती, कुशीत गुंडाळलेलं पोर. चेहरा उतरलेला, पण मला बघून असं हसली की दवाखाना, टाके, औषधं असं जे बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि रडले. हो, रडले. ती म्हणाली, "काय झाला बाई तुला? पोर मला झाला."

बाहेर तिचा माणूस अंगणात खड्डा खणत होता. दाराच्या उजव्या हाताला, तुळस असते तेवढ्या अंतरावर. म्हातारीनं वार नव्या मडक्यात ठेवून वर झाकण दिलं होतं. बाळंतीण भिंत धरत धरत दारापर्यंत आली, उंबऱ्यावर बसली. तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मडकं खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, म्हातारीनं वर हळदकुंकू टाकलं आणि सपाट दगड ठेवला. बघायला पाड्यावर दुसरं कुणी नव्हतंच.

पोरगी आईच्या गुडघ्याला टेकून हे सगळं बघत होती. तिनं त्या दगडाकडं बघितलं, मग आईकडं.

"आये, माजी कुठं हाय?"

तिच्या माणसानं फावडं तसंच धरलं. म्हातारी आत निघून गेली. आणि ही, जिनं एक शब्द खोटा लिहायला नकार देऊन चार महिने कंद खाल्ले, पोतं दारातनं परत पाठवलं, ती पोरीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुजी पन हितंच हाय. भट्टीवरनं मी फडक्यात बांदून आनली व्हती. ह्याच्या बाजूला."

"कुठं?"

तिनं दगडाच्या शेजारची जागा बोटानं दाखवली. पोरगी तिथं जाऊन बसली, जमिनीवर तळवा ठेवला. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तिची बाई ना. वर्गात काही खरं का खोटं असं झालं की पोरं माझ्याकडंच बघतात.

तिची आईही माझ्याकडंच बघत होती.

"हो गं," मी म्हटलं. "तिथंच आहे."